मागच्या सीटवरून

मोटारसायकल कशी चालवावी हे सांगणारे लोक बहुतेक वेळा पुढे बसलेले असतात. त्यामुळे मागच्या माणसाबद्दलचं त्यांचं म्हणणं दोन वाक्यांत आटोपतं: घट्ट धरून बस, आणि हलू नकोस. मी मात्र आयुष्याचा बराच भाग मागच्या सीटवर काढला आहे. आधी साताऱ्यात बाबांच्या स्कूटरवर आणि लग्नानंतर पुण्यात नवऱ्याच्या मोटारसायकलवर. चाळिशी ओलांडल्यावर मी स्वतः गिअरची गाडी शिकले. आता बऱ्याचदा मी पुढे आणि तो मागे अशी आमची वरात निघते. सिग्नलला शेजारची माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग त्याच्याकडे, आणि त्याच्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सहानुभूती असते. पूर्वी तो अवघडून दुसरीकडे बघायचा. हल्ली मान डोलावून तिचा स्वीकार करतो.

दोन्ही जागा भरपूर अनुभवल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. जो कधी मागे बसला नाही, त्याने कुणाला मागे बसवू नये.

मागून दिसतं काय? पुढच्याच्या हेल्मेटची मागची बाजू, त्याची कॉलर आणि दोन्ही अंगांना रस्त्याच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या. खड्डा दिसत नाही, गतिरोधक दिसत नाही, समोरच्या टेम्पोचे लाल दिवे दिसत नाहीत. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असतं, गुडघ्यांत टाकी असते आणि ब्रेक त्याने स्वतः दाबलेला असल्यामुळे त्याचं अंग आधीच सावध झालेलं असतं. खड्डा आला की तो नकळत सीटवरून बोटभर उचलला जातो. मागच्याला मात्र तो सगळा दणका थेट कमरेत बसतो. गाडी एक, खड्डा एक, पण एकाला तो येणार हे माहीत होतं आणि दुसऱ्याला नव्हतं. डबलसीट चालवण्यातली निम्मी अक्कल या फरकात आहे.

दोघांनी हेल्मेट घातलेलं असेल तर याचं एक फुकटचं मोजमापही मिळतं. पुढच्याने ब्रेक जरा कचकन दाबला की मागच्याचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटतं. टक्. गिअर झटक्यात बदलला तरी टक्. क्लच अर्धवट असताना पुढे हिसका दिला की आधी मान मागे जाते, मग परत येताना टक्. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आमच्या घरापासून डेक्कनपर्यंत ही टकटक अखंड चालायची आणि नवरा म्हणायचा, ‘तू जरा मागे सरकून बस ना.’ मागे सरकायला सीट उरलेली नसायची. पुढे कधीतरी त्याने स्वतःच चालवायची पद्धत बदलली. ब्रेक आधी नुसता लागेल इतका दाबायचा, मग वाढवत न्यायचा आणि गाडी थांबता थांबता थोडा सोडायचा. गिअर बदलताना क्लच सावकाश सोडायचा. मग टकटक बंद झाली. पट्टीचा चालक ओळखायला मला आजही दुसरी खूण लागत नाही.

अर्थात, टक् व्हायला मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट असायला हवं. आपल्याकडे चालवणाऱ्याला हेल्मेट आणि मागच्याला देव, अशी वाटणी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची सक्ती गाडीवर बसलेल्या प्रत्येकावर आहे, नुसत्या चालवणाऱ्यावर नाही. तरी मुंबईत वाहतूक पोलिसांनी जून २०२२ मध्ये मागच्यांवरही कारवाई सुरू केली तेव्हा लोकांना तो नवाच कायदा वाटला. पुण्याचं तर विचारूच नका. इथे हेल्मेटविरोधात मोर्चे निघालेले आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातला २०२२ चा आकडा बघा: हेल्मेट नसताना देशात ५०,०२९ माणसं गेली, त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. या चौदा हजारांच्या हातात ब्रेक नव्हता. त्यांच्या हातात एवढीच एक गोष्ट होती, हेल्मेट, आणि आमच्या सोसायटीत त्याबद्दल ऐकू येतं ते असं: ‘इथेच तर जायचंय, तुला कशाला?’

बाईमाणूस मागे बसणार म्हटल्यावर आणखी एक प्रकरण सुरू होतं, ते म्हणजे साडी आणि एका अंगाने बसणं. माझी आई जन्मभर तशीच बसली, सासूबाई आजही तशाच बसतात. डावीकडे पाय सोडायचे, उजवा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर, डाव्या हातात पर्स किंवा भाजीची पिशवी, आणि पदर कमरेला खोचलेला. हे बसणं किती बेभरवशाचं आहे ते दोन्हीकडे पाय टाकून बसायला लागल्यावर मला कळलं. दोन्हीकडे पाय असले की मांड्यांनी सीट धरता येते आणि ब्रेक लागला तर पायांवर भार घेता येतो. एका अंगाने बसलं की ब्रेक लागल्यावर माणूस सीटवरून पुढे घसरत जातो आणि गाडी हिसक्याने निघाली की मागे. अडवायला काही नसतं. पायांचं वजन एकाच बाजूला असल्याने गाडीही डावीकडे कलू बघते, चालवणारा ते नकळत सावरत राहतो आणि संथ गतीत वळताना त्याचा तोल जातो तो इथेच.

गंमत म्हणजे आपल्या नियमांनी हे बसणं मनोमन मान्य केलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागच्यासाठी धरायला पक्की दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ती जाळी यासाठीच. कॉलेजची पोरं नवी गाडी घेतली की सगळ्यात आधी हीच जाळी काढून टाकतात, कारण ती म्हणे ‘काकूंची गाडी’ दिसते. मग त्याच गाडीवर लांब ओढणीची मैत्रीण बसते. ओढणी चाकात गेली की ती गळ्याकडूनच खेचली जाते, यापलीकडे या विषयावर काही बोलायला नको. गाठ मारून, कुर्त्याच्या आत किंवा जॅकेटमध्ये. ओढणीची जागा तिथे.

सासूबाईंना मी एकच बदल करायला लावला. पिशवी माझ्याकडे द्यायची, डावा हात मागच्या दांडीला. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘अगं, एवढी काही मी पडत नाही.’ म्हटलं, ‘तुम्ही नाही हो पडत, मी पाडेन.’ तेव्हापासून दांडी धरतात.

आता पुढच्या सीटबद्दल. माझं वजन ५६ किलो, नवऱ्याचं ८२. आमची गाडी दीडशे किलोच्या आसपास. म्हणजे मी एकटी असते तेव्हा सगळं मिळून २०६ किलो, आणि तो बसला की २८८. चाळीस टक्के वाढ! हजार किलोच्या कारमध्ये हाच माणूस बसला तर आठ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून कारवाल्याला काही जाणवत नाही. मोटारसायकलचं मात्र वागणंच बदलतं, कारण हे वजन उंचावर आणि जवळपास मागच्या चाकाच्या डोक्यावर येऊन बसतं. पुढचं चाक हलकं होतं, हँडल लोण्यासारखं फिरायला लागतं, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हे. शिवाय हे वजन जिवंत असतं. बांधलेला माल जागचा हलत नाही. माणूस मात्र खिशातला फोन काढतो, मागे वळून दुकानाची पाटी वाचतो, आणि वळणावर गाडी झुकली की घाबरून उलट्या बाजूला झुकतो.

याची तयारी कुठे असते ते मला आमच्या मेकॅनिकने शिकवलं. धायरीकडे जाताना त्याचं गॅरेज आहे, बाहेर जुन्या टायरांची उतरंड आणि आत कायम किशोरकुमार. गाडी मागून डुगडुगते अशी माझी तक्रार होती. त्याने गाडीकडे बघितलंच नाही, आधी विचारलं, ‘ताई, मागं कोण बसतं?’ मी बाहेर चहा पीत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. ‘मग बरोबर हाय,’ म्हणाला आणि हुकासारख्या टोकाचा एक पाना घेऊन खाली बसला. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली पायऱ्या पायऱ्यांची एक कडी असते. पाना तिच्या खाचेत अडकवून त्याने जोर लावला, कट्ट करून कडी एक घर पुढे सरकली, मग आणखी एक. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. ‘दोन्हीकडं सारखं पायजे, नायतर गाडी तिरपी चालती. एकट्या फिरणार असाल तवा परत खाली घ्या, नायतर खड्ड्यात उडाल.’ स्प्रिंग अशी घट्ट केली की मागचा भाग बसत नाही, आणि मागचा भाग बसला नाही की पुढचा दिवाही आभाळाकडे बघत नाही. रात्री समोरून येणारा एखादा मोटारसायकलवाला डोळे दिपवून जातो, त्यातल्या कितीतरी जणांच्या मागे नुसतं एक वजनदार माणूस बसलेलं असतं.

मग त्याने हवा तपासली. माझ्या गाडीला मागच्या चाकात एकटीसाठी २८ आणि डबलसीटसाठी ३२ लागते, तसं चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर छापलेलंच आहे. इतकी वर्षं त्या स्टिकरवर फडकं मारत होतो, वाचलं कुणी नव्हतं. पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोरगा मात्र अजूनही न विचारता सगळ्यांना एकच आकडा मारतो. त्याला सांगावं लागतं.

बसवण्या-उतरवण्यातही शिस्त लागते. मी दोन्ही पाय जमिनीवर पक्के रोवते, पुढचा ब्रेक दाबून धरते आणि ‘बस’ म्हणते. तोवर त्याने गाडीला हात लावायचा नाही. तो डावीकडून चढतो. सायलेन्सर उजवीकडे असतो आणि पोटरीवर त्याचा शिक्का एकदा उमटला की पुढे कुणाला सांगावं लागत नाही. सिग्नलला त्याने पाय फूटरेस्टवरच ठेवायचे. मागच्याने मदत म्हणून पाय टेकवला की गाडीचा तोल दोघांच्यात वाटला जातो आणि मग तो कुणाकडेच राहत नाही. हे नवऱ्याला पटवणं सर्वांत अवघड गेलं. त्याचे पाय लांब आहेत, माझे जेमतेम टेकतात, त्यामुळे आपण मदत करतोय असं त्याला मनापासून वाटायचं.

आमची नेहमीची वाट पुणे-सातारा. जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो आणि येताना बोगद्यातून यायचं. चढणीला एकटी असताना जिथे चौथ्या गिअरवर निभतं तिथे तो मागे असताना तिसरा टाकावा लागतो, आणि ट्रकला ओलांडायला लागणारं अंतर चांगलंच वाढतं. एकटीच्या हिशेबाने ओव्हरटेक करायला जाल तर ट्रकच्या मधोमध पोचल्यावर गाडीचा दम संपलेला असतो. येताना गोष्ट उलटी होते. बोगदा संपला की उतार आणि त्यावर एस आकाराचं ते बदनाम वळण. पुढे कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार, जिथे वर्षानुवर्षं ट्रकांचे अपघात होत आले आहेत. अशा उतारावर मागचा माणूस हळूहळू पुढे सरकत चालवणाऱ्याच्या पाठीवर रेलतो. मग चालवणाऱ्याच्या मनगटांवर दोघांचं वजन येतं, कोपर ताठ होतात आणि ताठ हातांनी हँडल वळत नाही. नवऱ्याचे हात लांब आहेत त्याचा उपयोग इथे झाला. उतार लागला की तो माझ्या बाजूने एक हात पुढे घालून टाकीवर टेकवतो, दुसरा मागच्या दांडीला, आणि स्वतःचं वजन स्वतः पेलतो. मी खालचा गिअर टाकून इंजिनलाच गाडी आवरू देते. दोन्ही ब्रेक एकदम वापरते. मागे वजन असलं की मागचं चाक जमिनीला चिकटून असतं, त्यामुळे एकटीने चालवताना जो मागचा ब्रेक जरा जास्त दाबला की घसरतो, तो आता खरं काम करतो. वळणावर त्याने एवढंच करायचं, ज्या बाजूला वळतोय त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून पुढे बघायचं. बाकी झुकणं आपोआप होतं.

आणि बोलणं ठरलेलं आहे. पाठीवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. हेल्मेटमध्ये घालायची ब्लूटूथची यंत्रं मिळतात हे मला माहीत आहे. संसारात इतका अखंड संवाद बरा नव्हे.

‘हळू’ या मागणीचं मात्र नीट बघायला हवं. मी मागे असताना ‘हळू चालव ना’ म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं: ‘अगं, मी आहे ना!’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या बायकांनी मोटारसायकलवर ऐकलं असेल. त्यात मागच्याची भीती म्हणजे पुढच्याच्या कौशल्यावरचा अविश्वास, असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात भ्यालेला माणूस अंग आखडतो, वळणावर ताठ बसतो, अचानक खांदा आवळतो, आणि या प्रत्येक गोष्टीने गाडी बिघडते. तेव्हा चालवणाऱ्याच्या अभिमानाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मागचा ज्या वेगाला सैल बसू शकतो तोच त्या दिवशीचा वेग. आता नवरा मागून थाप मारतो. ‘अरे, मी आहे ना!’ माझ्या ओठांपर्यंत येतं. बहुतेक वेळा गिळते.

अनोळखी माणसाला मागे बसवून पोट भरणारे लोक हे सगळं कसं सांभाळतात ते गोव्यात बघायला मिळतं. पणजीच्या कदंबा स्टँडबाहेर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली घेऊन उभे असतात ते पायलट. कित्येक दशकांचा हा धंदा आहे. एकदा बस चुकू नये म्हणून मी म्हापशात एका पिकल्या मिशांच्या पायलटमागे बसले. माझी सॅक त्याने न विचारता स्वतःपुढे टाकीवर घेतली, बसल्यावर आरशातून एकदा नीट बघून घेतलं, ‘धरलं मा?’ म्हणाला आणि मगच क्लच सोडला. वेग फारसा नव्हता, तरी आम्ही वेळेत पोचलो, कारण त्याला थांबावंच लागत नव्हतं. सिग्नल लाल दिसला की तो लांबूनच गती सोडत यायचा. वाटेत एकदाही मी पुढे घसरले नाही. रोज दहा वेगवेगळ्या वजनांची, दहा वेगवेगळ्या भीतींची माणसं मागे घेणाऱ्याला घाई परवडत नसावी.

लहान मुलांचा मुद्दा मला थोडक्यात संपवायचा आहे, कारण तो काढला की माझं डोकं फिरतं. शाळेबाहेर रोज दिसतं: बाप, आई आणि मध्ये दप्तरासकट पोर, किंवा टाकीवर बसवलेलं बाळ, ब्रेक लागला की हँडलवर आपटेल असं. त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस. चार वर्षांखालच्या मुलांसाठी २०२२ मध्ये नियम आले: मुलाला चालवणाऱ्याशी जोडून ठेवणारा पट्ट्यांचा हार्नेस, नऊ महिन्यांपासून पुढे मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० च्या वर वेग नको. हार्नेसचं खरं काम पडल्यावरचं नाहीच. गाडीवर मुलं झोपतात. वारा लागला, इंजिनची घरघर सुरू झाली की पाच मिनिटांत मान टाकतात, आणि झोपलेलं मूल काहीही धरून बसत नाही.

काही लोकांना मी मागे घेतच नाही. झोप न झालेला, प्यायलेला, आणि दोन्ही हातांत काही धरून बसणारा. यातल्या तिसऱ्यावरून आमच्या घरी दर वर्षी भाद्रपदात वाद होतो. गणपती आणायच्या दिवशी पुण्यात जिकडे बघाल तिकडे मागच्या सीटवर मांडीत पाट, पाटावर रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती, दोन्ही हात मूर्तीभोवती आणि डोक्यावर हेल्मेटऐवजी टोपी. दांडी धरायला हात नाही, रस्त्याकडे बघायला डोळे नाहीत, आणि मूर्तीला धक्का लागायच्या भीतीने सगळं अंग आखडलेलं. आमच्याकडे वर्षानुवर्षं असाच गणपती यायचा, नवरा पुढे, मूर्ती धरून मी मागे. गाडी माझ्या हातात आल्यावर मी नाही म्हटलं. गेल्या वर्षी मूर्ती घेऊन नवरा आणि सासूबाई रिक्षाने निघाले, मी एकटी मागून मोटारसायकलवर. रिक्षा कर्वे पुतळ्याच्या चौकात अशी काही वळली की मला मागून सासूबाईंचा हात बाहेर आलेला दिसला. घरी पोचल्यावर मूर्तीला खरचटलंही नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. ‘पुढच्या वर्षी तूच आण,’ म्हणाला. मी म्हटलं, शाडूची दीड फुटी मूर्ती तू मागे धरून बसणार असशील तर नाही. सहा इंची चालणार असेल तर खोक्यात बसवून सीटला बांधून आणते. सहा इंचांना सासूबाई तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, मूर्ती आहे तेवढीच राहील, रिक्षावाला बदला.